नाशिकच्या टूर्नामेंटवाल्या दादांनो, हॅकर कोण ते तुम्हाला माहितीये

प्रति,
नाशिकमधले समस्त गेमिंग कॅफेवाले, टूर्नामेंट भरवणारे आणि रात्री अकराला कस्टम रूमचा, म्हणजे खासगी ऑनलाइन मॅचचा, आयडी-पासवर्ड टाकणारी ॲडमिन मंडळी

दादांनो,

स.न.वि.वि. झालं असं समजा, मी थेट मुद्द्यावर येतो, कारण मुद्दा जुना आहे आणि तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. आपल्या गावात मोबाइलवरच्या बीजीएमआयसारख्या किंवा पीसीवरच्या व्हॅलोरंटसारख्या बंदुकीच्या गेममध्ये हॅक, म्हणजे चीटिंगचं सॉफ्टवेअर, लावून खेळणारे कोण हे शोधायला सीआयडी लागत नाही. कॉलेज रोडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विषय काढा, पाच मिनिटांत नावं पडतात, कोण कुठल्या आयडीवरून खेळतो, आधीचा कुठला बॅन झाला, भावाच्या नंबरवर दुसरा कुठला काढलाय, सगळं. तुम्हाला तर आमच्यापेक्षा जास्त माहिती असतं कारण कोण कुठल्या टीममधून उतरतंय ती स्लॉट लिस्ट तुमच्याकडे असते. आणि तरी पुढच्या टूर्नामेंटच्या पोस्टरवर तोच माणूस हाताची घडी घालून उभा, खाली "फॅन फेव्हरेट" लिहिलेलं. माझं पत्र त्या पोस्टरबद्दल आहे.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. अंबडला कंपनीत शिफ्ट करतो, स्क्वॉडमधला एक नाशिकरोडचा, एक पंचवटीतला, चौथा जॉबसाठी पुण्याला गेलाय पण रात्री साडेदहाला लॉबीत हजर असतो, त्याची बायको ओरडते ते आम्हाला माइकवर ऐकू येतं. आम्ही प्रो वगैरे नाही. हरायची सवय आहे आणि त्याबद्दल काही तक्रार पण नाही, चांगल्या टीमने मारलं की त्याच रात्री त्यांचं रोटेशन, मॅपवर जागा बदलणं, कसलं भारी होतं यावर आमची तासभर चर्चा होते. पण आपण खिडकीखाली झोपून, आवाज न करता, बूट न हलवता बसलोय आणि टेकडीपलीकडून एक जण सरळ आपल्याच डोक्यावर स्प्रे, म्हणजे सलग गोळ्या, उघडतो, तेव्हा डोकं जे सटकतं ना, ते दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला मशीनवर उभं राहिलं तरी उतरत नाही.

मागे एका हॉलमध्ये फायनल होती, कुठल्या ते लिहीत नाही, ज्यांनी भरवली त्यांना कळेल. प्रोजेक्टरवर ऑब्झर्व्हरचा, म्हणजे न खेळता सगळ्यांचा खेळ दाखवणाऱ्याचा, स्क्रीन लावलेला, आणि आम्ही बाद झालेले मागच्या खुर्च्यांवर वडापाव खात बघतोय. शेवटचा सर्कल, स्मोकवर स्मोक, काही म्हणता काही दिसत नाही, आणि एका भावाचा क्रॉसहेअर, नेम धरायची खूण, त्या धुरावरून उजवीकडून डावीकडे सरकतोय, थांबतोय, परत सरकतोय. ऑब्झर्व्हरला सगळ्यांची नावं आरपार दिसतात, त्यामुळे आम्हाला कळत होतं की धुरामागे जो पोरगा पळतोय तो थांबला की क्रॉसहेअर थांबतो आणि तो पळाला की क्रॉसहेअर पळतो. मग स्मोक जरा विरला आणि पहिल्याच गोळ्यांना तो पोरगा नॉक, आडवा. अख्ख्या हॉलमधून "ओऽऽ" असा आवाज आला, आणि तो कौतुकाचा नव्हता हे कॉमेंट्रीवाल्याला सोडून सगळ्यांना कळलं, तो माइकवर म्हणतोय काय गेमसेन्स आहे भावाचा! नंतर पंचवटीवाला तक्रार घेऊन टेबलावर गेला तर उत्तर काय, प्रूफ आण. अहो, प्रूफ तुमच्याच प्रोजेक्टरवर चालू होतं की. रेकॉर्डिंग तुमच्याकडे, त्याचा फोन तुमच्या समोर, चार्जर तुमच्या बोर्डाला. आम्ही प्रूफ काय वडापावच्या कागदात बांधून आणणार होतो?

याच्या उलट पण होतं आणि ते जास्त वाईट. सातपूरचं एक पोरगं आहे, आयटीआयला जातं, जायरो कायम चालू ठेवून क्लॉने, म्हणजे स्क्रीनवर चार बोटं वापरून, खेळतं. एम फोर बंदुकीला सिक्स एक्सची दुर्बीण लावून त्याचा स्प्रे असा सरळ जातो की पहिल्यांदा बघणाऱ्याला खरंच शंका येते, मला पण आली होती. आता जायरो म्हणजे काय तर फोन हातात तिरका केला की नेम हलतो, आणि ज्याने वर्षभर रोज ट्रेनिंग ग्राउंडवर घासलीये त्याची मनगटं रिकॉइल, गोळ्या सुटताना वर उडणारी बंदूक, आपोआप खाली ओढतात. पण चार टीमांनी "हॅकर हॅकर" ओरडायला सुरुवात केली आणि ॲडमिनने गर्दी बघून त्याला रूममधून काढून टाकलं. तो म्हणत होता दादा फोन घ्या, तुमच्या समोर ट्रेनिंगमध्ये मारून दाखवतो, कुणी ऐकलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. त्यामुळे प्लीज असं समजू नका की मी ओरडणाऱ्यांच्या बाजूचा आहे. ओरडून काढू नका आणि ओळखीने ठेवू नका, तपासा, एवढंच म्हणणं आहे.

आता तुमचं नेहमीचं उत्तर मला माहितीये, की अरे भाऊ हे सगळं गेमच्या कंपनीचं काम आहे, आपण काय करणार. अर्धं खरंय. पण कंपनी काय करू शकते आणि काय नाही हे जरा बघा, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना हॅक चालतो कसा तेच माहीत नसतं.

वॉलहॅक घ्या. भिंतीमागचा माणूस दिसतो म्हणजे काही जादू नाही, तुमच्या फोनला किंवा पीसीला तो माणूस कुठे आहे हे आधीच सांगितलेलं असतं, कारण तो कोपऱ्यावरून बाहेर आला की लगेच चित्र काढता आलं पाहिजे. गेम ते फक्त तुम्हाला दाखवत नाही. हॅक ती माहिती मेमरीतून वाचतो आणि स्क्रीनवर डबा काढून देतो, बास. एमबॉट त्याच माहितीवरून क्रॉसहेअर डोक्याकडे ओढतो. म्हणून व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायटवाल्यांनी त्यात असं केलं की समोरचा दिसण्याच्या बेताला आल्याशिवाय सर्व्हर त्याची जागा तुमच्या पीसीला पाठवतच नाही, म्हणजे वाचायला काही उरतच नाही. पूर्ण बंद होत नाही, पण अख्खा मॅप उघडा पडणं थांबतं. वर त्यांचं हॅक पकडणारं सॉफ्टवेअर, व्हॅनगार्ड, विंडोज चालू होतानाच चालू होतं, थेट आतल्या लेव्हलला, का तर हॅकवाले पण तिथंच जाऊन बसतात, आणि जो आधी बसला तो दुसऱ्यापासून लपू शकतो. माझा एक आयटीवाला मित्र यावर भयंकर चिडतो, म्हणतो एका गेमसाठी घराची किल्ली द्यायची का, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही, पण तो गेम तरी खेळतोच.

दुसरी गोष्ट, रिपोर्ट मारून काही होत नाही असं जे सगळे म्हणतात. होतं, पण उशिरा, आणि मुद्दाम उशिरा. सापडल्या सापडल्या उडवला तर हॅक विकणाऱ्याला लगेच कळतं की काय पकडलं गेलं, तो रात्रीत नवीन व्हर्जन काढतो. म्हणून काउंटर स्ट्राइक गेमचं हॅक पकडणारं व्हॅक असो की दुसरं काही, सापडलेले आयडी जमवायचे आणि एकदम उडवायचे. सगळ्यात भारी काम डोटा या गेमवाल्यांनी केलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये. त्यांनी गेममध्ये अशी एक माहिती ठेवून दिली जी सरळ खेळणाऱ्याचा गेम कधीच वाचणार नाही, फक्त हॅक वाचेल, आणि मग नुसतं बघत बसले कोण कोण वाचतंय. चाळीस हजारांवर अकाउंट एका फटक्यात कायमचे गेले. पिंजरा लावणं याला म्हणतात! बीजीएमआयमध्ये पण सापडला की दहा-दहा वर्षांचा बॅन लागतो, हे तुमच्या त्या फॅन फेव्हरेटला विचारा, त्याला अनुभव असेल.

पण कंपनीला काय कळतं, तर एक आयडी आणि एक मशीन. माणूस कळत नाही. आयडी गेला तर नवीन सिम, नवीन आयडी, फोनवर बॅन लागला तर मेनरोडला जाऊन सेकंडहँड फोन. आणि आता तर पीसीवर असे हॅक निघालेत की हॅक चालतो दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, खेळायच्या मशीनला नुसतं एक कार्ड लावलेलं असतं जे मेमरी वाचून तिकडे पाठवतं, सॉफ्टवेअरला ते सापडणं महामुश्कील. पण कॅबिनेटच्या मागे वाकून बघणाऱ्या माणसाला जास्तीची केबल दिसते की नाही? कंपनी कॅलिफोर्नियातून किंवा कोरियातून वाकू शकत नाही. तुम्ही वाकू शकता.

आपण नाशिककर आहोत, आपल्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. नाशिकरोडला प्रेसमध्ये काम केलेलं एक तरी माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहे. त्यांना विचारा, खोटी नोट एका खुणेवर पकडतात का. वॉटरमार्क आहे, तार आहे, बोटाला लागणारी उठावाची छपाई आहे, आणि एवढं सगळं असून शेवटी रविवार कारंजावरचा दुकानदार नोट उजेडात धरून बघतो म्हणून ती पकडली जाते. प्रेसने आपलं काम केलंय, दुकानदाराने डोळे मिटले तर प्रेस काय करणार. तुम्ही त्या दुकानदाराच्या जागेवर आहात, आणि तुम्ही नोट न बघता गल्ल्यात टाकताय.

आणि माणसाच्या नजरेनेच पकडल्याचं उदाहरण आपल्या देशाचंच आहे, लाज वाटावी असं. ऑक्टोबर २०१८, शांघाय, काउंटर स्ट्राइकची आशियातली मोठी टूर्नामेंट, ऑप्टिक इंडियाची टीम खेळतेय, आणि फोरसेकन नावाने खेळणारा आपला खेळाडू चालू मॅचमध्ये पकडला गेला. ॲडमिन त्याच्या मशीनवर तपासायला आला तर हा गडी फाइल उडवायच्या मागे, ॲडमिनचा हात बाजूला करतोय, तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. फाइलचं नाव काय तर वर्ड डॉट ईएक्सई. टीम बाद झाली, कंपनीने अख्खी टीमच गुंडाळली, त्याला पाच वर्षांची बंदी लागली. बाकीच्या चौघांचं काय चुकलं होतं? काही नाही, आणि त्यांची पण टीम गेली. त्यानंतर कितीतरी दिवस कुठल्याही लॉबीत इंडियन टॅग दिसला की परदेशी पोरं वर्ड डॉट ईएक्सई टाइप करायची. तुमच्या टूर्नामेंटमधला एक जण असाच बाहेर मोठ्या ठिकाणी जाऊन पकडला गेला तर पोस्टर तुमचंच निघणार आहे, आणि त्यावर तुमचा लोगो असणार आहे.

कॅफेवाल्यांना जरा वेगळं सांगायचंय. तुमच्याकडे एक गडी हॅक लावून व्हॅलोरंट खेळून गेला, तासाचे पैसे दिले, गेला. मग हार्डवेअर बॅन बसला, म्हणजे आयडी कुठलाही असो, त्या मशीनवरच बंदी. दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडवरून क्लास सुटल्यावर आलेलं शाळेतलं पोरगं तिथं बसतं, स्वतःच्या आयडीने लॉगिन करतं आणि स्क्रीनवर त्या बंदीचा एरर, व्हॅन १५२. ते बिचारं घाबरतं, त्याला वाटतं आपला आयडी गेला. तुम्ही काय करता, त्याला शेजारच्या मशीनवर बसवता, आणि बॅन बसलेल्या मशीनवर फिफा खेळणाऱ्याला बसवता, विषय संपला. अहो पण त्या वेळेला त्या मशीनवर कोण होतं हे तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तासमिनिटासकट आहे! नाव आहे, मोबाइल नंबर आहे. फोन करून सांगा की बाबा रे, आमच्याकडे येऊ नको. तुमच्या धंद्याचाच प्रश्न आहे हा, मशीन माझं नाही, तुमचं गेलंय.

आणि सिक्युअर बूट, टीपीएम या पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी बंद करून ठेवायच्या, त्यामुळे व्हॅन ९००१ हा एरर आला की पोरांना म्हणायचं आज सर्व्हर डाऊन आहे, हे पण सोडा आता. विंडोज ११ वर व्हॅनगार्डला या दोन्ही गोष्टी लागतात हे जगजाहीर आहे. बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करायला चहा गार होत नाही तेवढा वेळ लागतो.

मोबाइलवाल्यांचा घोळ अजून वेगळा. टेलिग्रामवर हॅक चालू करायची "की", म्हणजे कोड, विकतात, एक दिवसाची, आठवड्याची, महिन्याची, सोबत "शंभर टक्के अँटीबॅन" असं लिहिलेलं, जणू काही आयएसआय मार्क. त्यासाठी कुठलंतरी एपीके, प्ले स्टोअरबाहेरचं ॲप, टाकायचं, सगळ्या परवानग्या द्यायच्या, एसएमएस वाचायची पण. आता सांगा, सिडकोतल्या नववीच्या पोराकडे फोन कुणाचा असतो? बापाचा. त्यात फोनपे असतं, पगाराचं खातं असतं, ओटीपी त्याच फोनवर येतो. वॉलहॅक मिळो न मिळो, घरातलं खातं उघडं पडलं. आणि हे विकणारे काही गरीब बिचारे हुशार विद्यार्थी नाहीत, २०२१ मध्ये चीनच्या पोलिसांनी टेन्सेंटबरोबर एक टोळी धरली तेव्हा त्यांच्याकडे महागड्या गाड्यांची रांग निघाली. दक्षिण कोरियात तर हॅक बनवून वाटला की कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे मात्र तुमच्याच ग्रुपवर, रूमच्या आयडीच्या खालोखाल, "की" विकणाऱ्याची लिंक पडलेली असते आणि ॲडमिन डिलीट करत नाही. का करत नाही हे मी विचारणार नाही, पण लोक विचारतात.

एक गोष्ट मात्र विचारणारच. पर किल इतके रुपये, म्हणजे मारलेल्या प्रत्येक माणसामागे पैसे, अशा रूम लावल्या की त्यात हॅकर येणार हे सांगायला ज्योतिषी लागतो का? आणि ज्याचा आयडी विकायचा धंदा आहे तोच ॲडमिन, तोच पंच, मग रँक चढवून विकलेला आयडी तपासणार कोण? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय अशातला पण प्रकार नाही हा, इथं दळणारा डोळस आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केलाय, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, आणि ई-स्पोर्ट्सला त्यात वेगळं धरलंय, खेळ म्हणून. तुमच्या त्या पर किलच्या रूम यातल्या कुठल्या बाजूला पडतात ते एखाद्या वकिलाला दाखवून घ्या, मी काही वकील नाही. पण खेळ म्हणून मान पाहिजे असेल तर खेळासारखे पंच पण लागतात एवढं मला कळतं.

बुद्धिबळवाल्यांकडे बघा ना. आपल्याच गावचा विदित गुजराथी, २०२३ ला फिडे ग्रँड स्विस जिंकला, समोरासमोर बसून. तिथं मोठमोठ्या ग्रँडमास्टरांना पण तपासून आत सोडतात, फोन बाहेर, आणि कुणाला त्यात अपमान वाटत नाही. ऑनलाइन मॅच असेल तर कॅमेरा लावून बसवतात, स्क्रीन दिसला पाहिजे, खोली दिसली पाहिजे. का, तर त्यांना माहितीये की संधी मिळाली की भले भले घसरतात. जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंदसमोर एका चॅरिटीच्या डावात एका बड्या उद्योजकाने मदत घेतल्याचं नंतर स्वतःच कबूल केलं होतं, तिथं तर बक्षीस पण नव्हतं. आणि आपण हजारोंच्या प्राइझ पूलला खिशातून आणलेला फोन तसाच खेळू देतो. त्याच्या मागे मोबाइल स्टँडला दुसरा फोन लावून हँडकॅम घ्यायला काय लागतं? ज्याचा हात दिसतो, स्क्रीन दिसतो, त्याच्यावर कुणी उगाच आरोप पण करू शकत नाही. सातपूरच्या त्या पोराकडे हँडकॅम असता तर तो त्या दिवशी घरी गेला नसता.

बरं, हॅकरचं झालं. पण खरं सांगू का, लोक गेम सोडतात ते हॅकरमुळे कमी आणि दुसऱ्या जमातीमुळे जास्त. मॅच चालू झाल्यावर बाजूला उभा राहून रील बघणारा. पहिल्या राउंडला मेला म्हणून पुढच्या राउंडला मुद्दाम स्पाइक, म्हणजे टीमने लावायचा बॉम्ब, घेऊन कोपऱ्यात बसणारा. माइकवर गाणी लावणारा. आपल्याच माणसाची गाडी उडवून हसणारा. याला कुठलं व्हॅनगार्ड पकडणार, त्याच्या मशीनमध्ये तर काहीच सापडणार नाही, बिघाड गड्याच्या डोक्यात आहे.

माझी मामेबहीण इंदिरानगरला राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, व्हॅलोरंटमध्ये माझ्यापेक्षा दोन रँक वर, सोव्हा हे पात्र घेऊन खेळते आणि माइकवर कॉल, शत्रू कुठे आहे ते, असे देते की डोळे मिटून ऐकावेत. पण देते फक्त आमच्याबरोबर असली की. अनोळखी लोकांबरोबर एकटी खेळायला लागली की माइक बंद. एकदा मी तिच्या खोलीत बसलो होतो, ती खेळत होती, शेवटचा राउंड, तिला शत्रू कुठून येतोय ते दिसलं, आणि ती माइकचं बटण न दाबता चॅटमध्ये टाइप करत बसली, "दोन जण लाँगला", तोवर टीममधले दोघं मेले आणि वरून हिलाच शिव्या की कॉम्स का नाही देत, माइकवर का नाही सांगत. मी म्हणलं बोलायचं ना. तर म्हणाली, दादा, बोलले की आधी "मुलगी आहे का" हे होतं, मग नंबर मागतात, मग नाही म्हणलं की घाण बोलतात आणि मुद्दाम हरवतात, त्यापेक्षा शिव्या परवडल्या. मला काय बोलावं ते सुचलं नाही. मागच्या वर्षी तिच्या मैत्रिणींची टीम एका लोकल टूर्नामेंटला उतरली होती, लाइव्ह चॅटमध्ये जे काही लिहिलं गेलं ते मी इथं लिहू शकत नाही, आणि चॅटचे मॉडरेटर त्यात हसण्याचे इमोजी टाकत होते. त्या पोरी परत आल्या नाहीत. आणि तुम्ही स्टेजवरून म्हणता मुलींचा रिस्पॉन्स येत नाही.

कंपन्यांनी यावर थोडंफार केलंय. डोटामध्ये सारखी मॅच सोडून पळालात की तुम्हाला लो प्रायॉरिटीत टाकतात, तिथं सगळे तसलेच, खेळा एकमेकांशी, आणि जिंकल्याशिवाय सुटका नाही. मला हे फार आवडतं. ओव्हरवॉचमध्ये तर सरळ सांगता येतं की हा माणूस माझ्या टीममध्ये नको. आम्ही पण आमच्या परीने तेच करतो, पाच जण पूर्ण झाल्याशिवाय रँक्ड लावायचं नाही, अनोळखी माणूस घेतला तर आधी दोन मॅच साध्या, उलटून बोलला की वाद न घालता म्यूट, रिपोर्ट, विषय बंद, कारण अशा लोकांना उत्तर हेच खाणं असतं. एवढं केलं की घरची मॅच शांत होते. पण टूर्नामेंटमध्ये समोर कोण बसवायचं हे आमच्या हातात नसतं, ते तुमच्या हातात असतं.

मग काय पाहिजे असं विचाराल तर फार काही नाही. पैसे घ्यायच्या आधी नियम लिहून टाका, मराठीत टाका, आणि त्यात तक्रार कुणाकडे करायची, किती वेळात, आणि निकाल कोण देणार हे लिहा, आणि निकाल देणारा खेळणाऱ्या टीमचा मित्र नको, आयडी विकणारा तर नकोच. आधार कार्ड वगैरे गोळा करायच्या भानगडीत पडू नका, ते सांभाळणं तुम्हाला झेपणार नाही आणि लीक झालं तर अजून वाईट, पण चेहरा आणि मोबाइल नंबर जुळवून घ्या. सहा सेकंदांच्या क्लिपवर कुणाला काढू नका, अख्खी मॅच परत बघा, कारण एका क्लिपमध्ये लक पण हॅकसारखं दिसतं, सलग पाच राउंड भिंतीमागे क्रॉसहेअर फिरला तर ते लक नसतं. सापडला तर टीमला आणि त्याला कारण सांगा, त्याचं पण ऐका. पण नाव चौकात टांगू नका, त्याच्या कॉलेजला मेसेज टाकू नका, सतरा वर्षांचं पोर असतं, वर्षभर खेळू देऊ नका तेवढं पुरे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकमेकांशी बोला. पंचवटीत काढलेला माणूस पुढच्या रविवारी पाथर्डी फाट्याला खेळतो, कारण तुमचं एकमेकांत पटत नाही, कुणी कुणाचा स्पॉन्सर पळवलाय, कुणी कुणाचा कॉमेंट्रीवाला. तुमची भांडणं तुमच्यापाशी, फक्त बंदी घातलेल्यांची एकच यादी सगळ्यांनी पाळा. गावात टूर्नामेंट भरवणारे असून असून किती आहेत, एका टेबलावर मावाल.

माहितीये, यातले काही जण म्हणतील भाऊ तू सोपं बोलतोस, हॉलचं भाडं, नेट, जनरेटर, ट्रॉफ्या, वरून व्हॉलंटियर मिळत नाहीत, आणि त्या एका माणसाला काढला की त्याच्यामागच्या चार टीमा जातात. जाऊ द्या की. त्या चार गेल्या म्हणून ज्या परत येतील त्या मोजा, माझ्या ओळखीतल्याच बऱ्याच आहेत ज्यांनी लोकल खेळणं सोडलंय आणि फक्त मुंबई-पुण्याच्या टूर्नामेंट बघतात.

राहता राहिला व्हॉलंटियरचा प्रश्न. आमचा स्क्वॉड साधारण दुसऱ्या-तिसऱ्या मॅचलाच बाद होतो, नंतर आम्ही मोकळेच असतो. टेबलामागे उभं राहायला, फोन तपासायला, हँडकॅम लावायला आम्ही फुकट थांबू, चहा मात्र तुमचा. फक्त फोन तपासायचा अधिकार आधी नियमात लिहा, नाहीतर तो म्हणणार तू कोण रे विचारणारा.

तुमचाच,
सिडकोतला एक साधा सपोर्ट प्लेअर